वाढदिवसाचे आमंत्रण : नकार द्यावा काय?

शास्त्रवाचन : लूक १४:१२-२४, १ करिंथ १०:२३-३३

लेकरू शाळेतून वर्गमित्राच्या वाढदिवसाचे आमंत्रण घेऊन येते. समारंभ रविवारी सकाळी, ऐन उपासनेच्या वेळी असतो. किंवा त्या घरी केक कापण्याआधी पूजा असते. किंवा महिनाअखेर असते आणि भेटवस्तूसाठी हाती पैसे नसतात. अशा वेळी आपण काय करावे?

१. वाढदिवसच अयोग्य आहे काय?
पवित्र शास्त्रात वाढदिवसाच्या दोन मेजवान्या ठळकपणे येतात : फारोची (उत्पत्ती ४०:२०) व हेरोदाची (मार्क ६:२१). दोन्हींत मनुष्यवध झाला. तिसऱ्या शतकातील ओरिगेन याने यावरूनच वाढदिवसांविरुद्ध शिकवण दिली. परंतु दोष त्या दिवसाचा नव्हता. पाहुण्यांपुढे आपला शब्द खाली पडू नये म्हणून हेरोदाने योहानाचा जीव घेतला. आपला प्रभू तर काना येथील लग्नास गेला आणि लेवी जकातदाराच्या पंक्तीस बसला.

२. नकाराची योग्य कारणे
उपासनेची वेळ हे पहिले कारण. तरी केवळ "येणार नाही" असे न कळवता "संध्याकाळी भेटावयास आलो तर चालेल काय?" असे विचारावे. पूजा व प्रसादाविषयी पौलाचा सल्ला स्पष्ट आहे : वाढलेले चौकशी न करता खावे, मात्र ते मूर्तीला वाहिलेले आहे असे कोणी सांगितल्यास, सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नये. यजमान मातेशी आधी बोलून मुलाला पूजेनंतर पाठवता येते. दानीएलाने राजाचे अन्न नाकारले, पण विनंती करून आणि दुसरा मार्ग सुचवून (दानीएल १:८-१४).

३. न सांगितलेले कारण
पुष्कळदा खरे कारण खर्चाचे असते. परतफेड करू न शकणाऱ्यांना बोलवा, असे प्रभूने यजमानास सांगितले. तर मग परतफेड करता न येणाऱ्या पाहुण्याने लाज का बाळगावी? मुलाने स्वतः रंगवलेले भेटकार्ड पुरेसे आहे.

४. सबबी
दाखल्यातील निमंत्रितांनी शेत, बैल व बायको अशी कारणे सांगितली. आपण म्हणतो, "बाळाला ताप आहे." ते बाळ शेजारीच उभे राहून ऐकत असते. प्रभूचा दिवस पाळण्यासाठी खोटे बोललेले चालते, हा धडा त्याला त्या दिवशी मिळतो. शब्बाथशाळेतील वर्षभराची शिकवण त्यापुढे फिकी पडते. म्हणून जे कारण यजमानास तोंडावर सांगता येईल, त्याच कारणासाठी नकार द्यावा.

आणखी एका लेकराचा विचार करा : ज्याच्याशी वर्गात कोणी फारसे बोलत नाही आणि जे दाराकडे डोळे लावून बसले आहे. त्याला नकार देण्यापूर्वी दोनदा प्रार्थना करावी.

मननासाठी प्रश्न
१. मागचे आमंत्रण आपण कोणत्या खऱ्या कारणासाठी नाकारले?
२. ते कारण आपल्या मुलाला ठाऊक आहे काय?
३. आपल्या मुलाच्या वाढदिवसाला लूक १४:१३ प्रमाणे कोणाला बोलवावे?