पोलोतील श्रेष्ठत्वाचे मोजमाप

जयपूरचा १९३३ चा संघ

१९३३ च्या उन्हाळ्यात जयपूरचे महाराजा सवाई मानसिंह (दुसरे) आपला पोलो संघ घेऊन इंग्लंडला गेले. मानसिंह यांच्याखेरीज रावराजा हनुतसिंह, पृथीसिंह आणि अभयसिंह हे तिघे त्या संघात होते. मोतद्दार आणि घोडे यांच्यासह सारा लवाजमा बोटीने नेण्यात आला. त्या हंगामात इंग्लंडमधील सर्व प्रमुख खुल्या स्पर्धा या संघाने जिंकल्या. त्यामुळे जयपुरात पोलोचा विषय निघाला की हा संघ आजवरच्या श्रेष्ठ संघांत गणला जातो. या मतात तथ्य किती, हे पाहण्यापूर्वी निरनिराळ्या काळांतील खेळाडूंची तुलना कोणत्या मापाने करता येते, याचा विचार करावा लागतो.

हँडिकॅप म्हणजे काय?

धावण्याच्या शर्यतीत घड्याळ असते. पोलोत तसे साधन नाही. मात्र या खेळाने आपले एक माप तयार केले आहे. प्रत्येक खेळाडूला उणे दोनपासून दहापर्यंत ‘गोल’ ठरवून दिले जातात. हा आकडा म्हणजे त्याने केलेले गोल नव्हेत. संघाच्या दृष्टीने त्याचे मोल किती, याविषयी जाणकारांनी दिलेला तो निर्णय असतो. संघातील चौघांचे आकडे मिळवले की संघाचे बळ समजते. एका संघाची बेरीज सोळा आणि दुसऱ्याची तेरा असेल, तर सहा चक्करांच्या हँडिकॅप सामन्यात दुबळ्या संघाला आरंभीच तीन गोल बहाल केले जातात. खुल्या स्पर्धेत अशी सवलत मिळत नाही. जयपूरच्या १९३३ मधील विजयांचे महत्त्व ठरवताना ही गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे.

हनुतसिंहांचा हँडिकॅप नऊ होता. त्याच पिढीतील अमेरिकेचे टॉमी हिचकॉक १९२२ मध्ये दहावर पोहोचले. अर्जेंटिनाचे आदोल्फो काम्बियासो यांना १९९४ मध्ये, विशीत पाऊल टाकण्यापूर्वीच, दहाचा मान मिळाला. म्हणून काम्बियासो आणि हिचकॉक समान आणि हनुतसिंह त्यांच्याहून एका पायरीने खाली, असे म्हणता येईल काय? तसे म्हणता येत नाही. हँडिकॅप समकालीनांच्या तुलनेत ठरतो आणि दहाच्या वर पायरीच नसते. सर्वांची पातळी उंचावली, तरी सर्वोत्तम खेळाडू दहाच राहतो. हे माप एका काळापुरते विश्वसनीय आहे. दोन काळांमध्ये ते पूल बांधू शकत नाही.

घोडा आणि नियम

दुसरी अडचण घोड्याची आहे. खेळाडूचे निम्म्याहून अधिक यश घोड्यावर अवलंबून असते, असे पोलोत मानले जाते. पूर्वी घोड्याच्या उंचीवर मर्यादा होती. पहिल्या महायुद्धानंतर ती उठली आणि उंच, वेगवान घोडे मैदानात आले. ‘ऑफसाइड’चा नियम जाताच लांब टोल्यांना आणि मोकळ्या धावेला वाव मिळाला. २०१६ मध्ये अर्जेंटिनाच्या खुल्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात काम्बियासो यांनी क्वार्तेतेरा या एकाच घोडीच्या सहा प्रतिकृती आळीपाळीने वापरल्या. त्या प्रयोगशाळेत क्लोनिंगने तयार झालेल्या होत्या. १९३३ च्या पागेत अशा गोष्टीची कल्पनाही करता आली नसती.

खेळाडू येतात कोठून?

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. ज्यांना मागे टाकून एखादा श्रेष्ठ ठरला, ते स्पर्धक किती जणांतून निवडले गेले होते? बास्केटबॉलला एक चेंडू आणि एक कडे पुरते. त्यामुळे तो खेळ जगभर पसरला. अमेरिकेच्या एन.बी.ए. स्पर्धेत २०१९ ते २०२५ या सात हंगामांत सर्वोत्तम खेळाडूचा मान प्रत्येक वेळी अमेरिकेबाहेर जन्मलेल्या खेळाडूला मिळाला. ग्रीस, सर्बिया, कॅमेरून आणि कॅनडा हे त्यांचे जन्मदेश होत. तेथे नव्या काळातील श्रेष्ठत्व अधिक मोठ्या गर्दीतून वर आलेले आहे, असे म्हणण्यास आधार आहे.

पोलोची कथा वेगळी आहे. मणिपुरात हा खेळ गावकऱ्यांचा होता. लहान चणीच्या तट्टांवर, प्रत्येक बाजूला सात जण घेऊन, तो खेळला जाई. इंग्रजांनी तो तेथून उचलला आणि पुढे तो लष्करी अधिकारी, संस्थानिक व धनिक यांच्या हाती गेला. १९३३ चे जयपूरचे यश ज्या स्पर्धेतून आले, ती याच मर्यादित वर्गातील होती. १९५७ मध्ये फ्रान्समधील दोव्हील येथे मानसिंहांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघाने सुवर्णचषक जिंकला, तेव्हा पन्नाशी ओलांडलेले हनुतसिंह अजून संघात होते. ही त्यांची थोरवी खरीच. पण मागून येणाऱ्यांची रांग किती आखूड होती, हेही त्यातून कळते. पुढे संस्थाने विलीन झाली, १९७१ मध्ये तनखे बंद झाले आणि दरबारी पागा ओस पडत गेल्या. १९५३ मध्ये उभारलेल्या ६१ व्या घोडदळ पलटणीने जयपुरात ही परंपरा बऱ्याच अंशी सांभाळली.

अर्जेंटिनात विस्तीर्ण कुरणे, घोडेपैदास आणि व्यावसायिक खेळाडू यांच्या बळावर पोलो वाढला. तथापि तेथेही तो घराण्यांतच राहिला. १९७५ मध्ये कोरोनेल सुआरेस हा चाळीस गोलांचा पहिला संघ झाला. त्यातील चौघे म्हणजे हॅरियट आणि हेगी या दोन घराण्यांतील भावांच्या दोन जोड्या होत्या. खुआन कार्लोस हॅरियट यांनी १९५७ ते १९७९ या काळात अर्जेंटिनाची खुली स्पर्धा वीस वेळा जिंकली.

निष्कर्ष

तेव्हा ‘सर्वकालीन श्रेष्ठ कोण’ या प्रश्नाचे एका आकड्यात उत्तर नाही. समकालीनांपेक्षा खेळाडू किती वरचढ होता, किती वर्षे तसा राहिला आणि सवलतीविना खेळताना काय घडले, एवढेच विचारता येते. या कसोट्यांवर १९३३ चा जयपूर संघ आणि हनुतसिंह पूर्णपणे उतरतात. परंतु त्या पागांत घोडे जोपासणाऱ्या मोतद्दारांच्या मुलांपैकी किती जण मैदानावर उतरू शकले असते, याची नोंद कोणत्याही हँडिकॅपच्या यादीत नाही. श्रेष्ठांची तुलना करताना ज्यांना काठी हाती धरण्याची संधीच मिळाली नाही, त्यांची जागा मोकळी ठेवूनच निर्णय देणे न्याय्य ठरेल.