निशाण नसलेला सैनिक

बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यात रोहिणखेड नावाचे गाव आहे. या गावाजवळ दोन लढाया झाल्या. पहिली 1437 साली, बहामनी व खानदेशच्या फौजांत. दुसरी सोळाव्या शतकाच्या अखेरीस. त्या वेळी अहमदनगरच्या गादीवर लहानगा इस्माईल निजामशाह होता. कारभार जमालखान पाहत असे. आणि चालून आला कोण? इस्माईलचा बाप बुऱ्हाण! लढाईत जमालखान मारला गेला आणि गादी बापाला मिळाली.

अशा घरच्या भांडणात आपला शिपाई ओळखायचा कसा? तेव्हा आजच्यासारखा एकसारखा गणवेश नव्हता. निशाण (हा शब्द तर तुमच्या घरचाच) आणि नगारा यांवरून फौज ओळखली जाई.

शिवाजी महाराजांनी याचाच फायदा घेतला. एप्रिल 1663 मध्ये शायिस्ताखान पुण्याच्या लाल महालात उतरला होता. मुघल फौजेतही मराठे आणि दख्खनी शिपाई पुष्कळ होते. त्यामुळे महाराजांची माणसे पहाऱ्यावरच्यांना परकी वाटली नाहीत. ती वरातीतून शिरली, असेही सांगतात. खानाची बोटे तुटली, पण जीव वाचला.

पुढे गणवेश आले, खांद्यावर हुद्द्याच्या पट्ट्या आल्या. हुद्दा म्हणजे उर्दूतील ओहदा. पण चकाकणारी पट्टी नेमबाजाला दुरूनच अधिकारी दाखवून देते! म्हणून 1899 ते 1902 च्या बोअर युद्धात इंग्रज अधिकाऱ्यांनी अशी चिन्हे काढून ठेवली. येथे फक्त हुद्दा लपतो, सैनिक लपत नाही.

देश लपवणे ही वेगळी गोष्ट. 2014 साली क्रिमियात हिरव्या गणवेशातील, पण कोणतेही चिन्ह नसलेले सैनिक दिसले. रशियाने आधी हात झटकले, नंतर ते आपलेच असल्याचे मान्य केले. तोपर्यंत जाब कोणाला विचारायचा?

याहून वाईट म्हणजे साध्या माणसाचा वेष. सैनिक शेतकरी बनून लढू लागला, की सकाळी बैल घेऊन निघालेल्या खऱ्या शेतकऱ्यावरही बंदूक रोखली जाते. त्याने काय करावे?

म्हणूनच 1907 च्या हेग येथील नियमांत दुरून ओळखू येईल अशा चिन्हाची अट आहे. गणवेशात पकडलेला सैनिक युद्धकैदी ठरतो. त्याला अन्न, औषध आणि घरी पत्र लिहिण्याची मुभा मिळते. वेष पालटून माहिती काढताना सापडलेला मात्र हेर ठरतो. 1949 च्या जिनिव्हा करारांसाठी भारताने 1960 साली कायदाही केला.