वाटणीचे कानमंत्र

पोरी, पायथनमध्ये यादीचे तुकडे पाडताना धारला बसून अडतेस म्हणे. काका देवासचा आहे, वाटणी आमच्या गावाला नवी नाही. ऐक.

आधी ठरव, पक्कं काय आहे: वाटेकरी की वाटा? १७२८ च्या सुमारास तुकोजी आणि जिवाजी या पवार भावांचं राज्य देवासला उभं राहिलं; त्याच्या थोरली आणि धाकटी अशा दोन पाती झाल्या. वाटेकरी दोनच, वाटा निघेल तेवढा. आमच्या नोटांच्या छापखान्याचं उलट: गड्डी १०० नोटांचीच, गड्ड्या होतील तेवढ्या.

गड्डीचं काम असेल तर रेंजमध्ये ०, १००, २०० अशा ढांगा टाक आणि प्रत्येक ठिकाणाहून १०० घटकांचा स्लाइस काप. शेवटी कमी उरले तरी स्लाइस कुरकुरत नाही. पायथन ३.१२ पासून इटरटूल्समध्ये 'बॅच्ड' तयारच मिळतं. फक्त ते लिस्ट नाही, टपल देतं.

वाटेकरी पक्के असतील तर गड्डीची रीत चालवू नकोस. ९ लाडू चौघांत वाटायचे. सव्वादोनाचे वर ओढून ३ केलेस, तर तिघांतच ताट रिकामं, चौथा कोरडा. त्यापेक्षा डिव्हमॉड वापर: भागाकार २, बाकी १. जेवढी बाकी, तेवढ्या पहिल्या जणांना एकेक जास्त. म्हणजे ३, २, २, २.

वाटे ठेवायला एका लिस्टमध्ये रिकामी लिस्ट ठेवून तिला चारनं गुणू नकोस. दिसतात चार डबे, असतो एकच. एकात टाकलेलं चारहीत दिसतं.

शेपटाकडे लक्ष ठेव. मी एकदा १,००९ नावांच्या गड्ड्या झिपच्या युक्तीनं पाडल्या. दहा गड्ड्या चोख निघाल्या, ९ नावं मुकाट गळाली. चूक ओरडली असती तर बरं झालं असतं. झिप अपुरी गड्डी टाकून देतं, हे तेव्हा कळलं.

आणि तुकडे पाडून झाले की पुन्हा जोडून बघ. १९४८ साली दोन्ही पाती मध्य भारतात विलीन झाल्या, आणि ज्या रस्त्याची एक बाजू थोरलीची नि दुसरी धाकटीची होती, तो पुन्हा एका गावाचा झाला. तुझे तुकडे जोडल्यावर मूळ यादी त्याच क्रमानं, एकही नाव न गळता परत आली, तरच वाटणी खरी.