खर्ज किती खाली न्यायचा

संगमनेर

चि. मुग्धास,


तुझा फोन झाला आणि पाठोपाठ ताईचा आला. पहिल्या नोकरीचे तीस हजार गाणी ऐकण्याच्या खोक्यांवर घालायचे का, ही तिची तक्रार. मी म्हटलं, घालू दे, पण त्या तीस हजारांत काय काय नाही घ्यायचं ते आधी ठरू दे. तेच लिहितो. फोनवर तू नुसतं ‘हो मामा, हो मामा’ करतेस.

तुझ्या यादीत सगळ्यात मोठी रक्कम सबवूफरला आहे. तो काढून टाक. एवढ्या पैशात स्पीकरची जोडी, ॲम्प्लिफायर आणि वर सबवूफर बसवायचा म्हटलं की तिन्ही निम्म्या दर्जाचे येतात. स्वस्त सबवूफरला खालचा एकच सूर नीट येतो आणि मग तो प्रत्येक गाण्यात तोच लावतो. वरातीत डीजेने छाती हादरवली की ‘साउंड भारी आहे’ म्हणायची आपल्याकडे सवय झाली आहे, तिचाच हा परिणाम.

आता तू ऐकतेस काय ते बघ. भीमसेनजी, किशोरीताई, नाट्यगीतं, ताईमुळे थोडी भजनं. काळी एक पट्टीतल्या पुरुष गायकाच्या तंबोऱ्याचा खर्ज साधारण ६९ हर्ट्झला लागतो. बायकांच्या गाण्यात तो आणखी वर. पाच-साडेपाच इंची वूफरचा बरा बुकशेल्फ स्पीकर साठच्या आसपास उतरतो, म्हणजे तुझं बहुतेक गाणं त्यात मावलं. शिवाय तंबोऱ्याची मौज अशी, की जवारी नीट लागली असेल तर खर्जाचा मूळ स्वर तुलनेने क्षीण असतो आणि त्याच्यावरचे स्वरांश ठळक. त्या स्वरांशांवरून खालचा स्वर आपला कान स्वतःच ओळखून घेतो. म्हणून पैसे आवाजाच्या मधल्या भागात घाल. गळा, सारंगी, पेटी, तबल्याची चाट सगळी तिथेच राहते. मधला भाग गढूळ असला की खाली कितीही दणका असो, गवई घोंगडी पांघरून गातोय असं वाटतं.

तुझं ते दुसरं वेड विसरलो नाही. ‘द हू’ या बँडचं ‘बाबा ओ’रायली’ १९७१चं. त्यातले बाबा म्हणजे आपल्या नगरजवळच्या अरणगावचे, मेहेराबादचे मेहेरबाबा. बँडचा पीट टाउनशेंड त्यांचा भक्त. नावातला दुसरा भाग टेरी रायली या संगीतकाराचा. तू रोज सुप्याला कंपनीत जातेस, पण मेहेराबादची समाधी अजून पाहिली नसशील! त्या गाण्याच्या सुरुवातीचा ऑर्गन लहान स्पीकरवर झकास वाजतो. बास गिटारची सर्वात जाड तार मात्र ४१ हर्ट्झची. तिचा तळ तुला पूर्ण मिळणार नाही. तेवढं सोडायचं.

सोडण्याला आणखी एक कारण आहे, ते म्हणजे तुझी सावेडीची खोली. दहा बाय बारा. आवाज सेकंदाला ३४३ मीटर धावतो, त्या हिशेबाने बारा फुटांची लांबी ४७ हर्ट्झला घुमते आणि दहा फुटांची रुंदी ५६ला. स्लॅबही दहा फुटांवर असेल तर ५६ला दुहेरी घुमारा. सबवूफरने नेमकी हीच दोन ठिकाणं फुगवली असती आणि तू कंपनीला दोष देत बसली असतीस. चार मोकळ्या भिंती आणि खाली फरशी असलेल्या खोलीत टाळी वाजव. मागे टर्र असा आवाज उमटला तर जमिनीवर जाड सतरंजी घाल, स्पीकरसमोरच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट लाव, खिडकीला जाड पडदा. ताईकडे पडून असलेल्या गोधड्या कोपऱ्यात रचल्यास तरी चालेल. याला फारसे पैसे लागत नाहीत आणि पाच हजारांच्या उपकरणाने पडणार नाही एवढा फरक पडतो.

स्पीकर कोपऱ्यात खुपसू नकोस. मागच्या भिंतीपासून फूटभर पुढे ठेव. दोघांमधलं अंतर जेवढं, तेवढ्याच अंतरावर तू बस, आणि ट्वीटर तुझ्या कानाच्या उंचीला येऊ दे. स्टँड महाग वाटले तर वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी बनवून घे.

पैशांची वाटणी माझ्या मते अशी: सोळा-सतरा हजार स्पीकरना, आठ-नऊ ॲम्प्लिफायरला, बाकी किरकोळीत. ॲम्प्लिफायर घेताना ‘पीएमपीओ’चे हजारो वॅट छापलेत त्या खोक्याला हात लावू नकोस, आरएमएस विचार. ८७ डेसिबलचा स्पीकर एका वॅटला मीटरभरावर बोलण्यापेक्षा बराच मोठा वाजतो. वॅट दुप्पट केले की फक्त तीन डेसिबल वाढतात, कानाला जेमतेम कळतील इतके. पंचवीस-तीस खरे वॅट तुझ्या खोलीला पुष्कळ झाले. वायरसाठी इलेक्ट्रिकच्या दुकानातून दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची लवचिक वायर घे. चार मीटर लांबीत तिचा रोध जाऊन-येऊन दशांश एक ओहम, म्हणजे आठ ओहमच्या स्पीकरपुढे नगण्य. शेकड्यांत मिळणाऱ्या वायरीच्या जागी हजारांची घ्यायला सांगणाऱ्याला हसून नमस्कार कर. गाणं फोनमधून यूएसबीच्या साध्या डॅकवर, म्हणजे डिजिटलचं ॲनालॉग करणाऱ्या डबीवर, चालेल. रेकॉर्ड प्लेयरचा विचार दोन वर्षांनी.

जुन्या जोड्याही बघ. कलकत्त्याच्या सोनोडाइनसारख्या आपल्या कंपनीच्या जुन्या जोड्या विकायला निघतात. पण वूफरच्या कडेला बोट लावून पाहा: फोमची कड वर्षांनुवर्षांत भुगा होते, रबराची टिकते. जुन्या ॲम्प्लिफायरचा आवाज मोठा-लहान करताना खरखर आली तर ती बहुधा व्हॉल्यूमच्या पोटेन्शियोमीटरची, साफ होते. सतत गुणगुण असेल तर कपॅसिटर वाळलेले असण्याचा संभव जास्त, तेव्हा भाव पाड किंवा परत फिर. घरी आणल्यावरही गुणगुण राहिली तर आधी सॉकेटचं अर्थिंग तपासून घे. भाड्याच्या घरात तिसरी पिन नुसती शोभेची असते.

पुण्याला तपकीर गल्लीत ऐकायला जाशील तेव्हा स्वतःची गाणी ने, दुकानदाराची नको. दोन जोड्या ताडून पाहताना आवाज सारखा करायला लाव. थोडा मोठा वाजणारा स्पीकर नेहमी चांगला वाटतो आणि विकणाऱ्याला ते ठाऊक असतं.

जोडताना लाल वायर लालला, काळी काळीला, दोन्ही स्पीकरना सारखीच. एक उलटी गेली तर खर्ज कुठे गेला कळत नाही आणि गवई मधोमध बसायचा तो दोन्हीकडे पसरतो. तसं झालं तर मला फोन करण्याआधी मागची वायर बघ. ताईशी मी बोललो आहे, गोधड्या ती पाठवते.

तुझा,
मामा