पंख्याला गप्प करू नकोस

अंबरनाथ (पूर्व)

चि. अथर्वास अनेक आशीर्वाद.

ताईचा फोन आला होता. तू रात्री रेंडर लावलास की लॅपटॉपचा पंखा घरभर ऐकू येतो आणि तो बंद ठेवायचं सॉफ्टवेअर तू शोधतो आहेस म्हणे. तसलं काही करू नकोस, बाळा. प्रोसेसर शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास पोचला की स्वतःच वेग कमी करतो. पंखा अडवलास तर काम आणखी रखडेल आणि बॅटरी तापून तिचं आयुष्य घटेल. आवाज नको असेल तर मुळात उष्णताच कमी तयार व्हायला हवी.

त्याला खर्च नाही. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ 100 वरून 99 टक्के कर. एका टक्क्याने काय होणार, असं वाटेल. पण बऱ्याच लॅपटॉपवर तेवढ्याने टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा नेहमीपेक्षा वरचा वेग, बंद पडतो. वरचा वेग गाठायला प्रोसेसरला जास्त व्होल्टेज लागतं, आणि विजेचा खप व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे जेवढा वेग वाढतो, त्याहून कितीतरी जास्त उष्णता वाढते. 99 वर रेंडर उशिरा संपेल, हे खरं. पण रात्री लावून सकाळी बघायच्या कामाला काय फरक पडतो? दिवसा घाई असेल तेव्हा परत 100 कर.

तुमचं बदलापूरचं घर वरच्या मजल्यावर. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो आणि स्लॅब रात्री उशिरापर्यंत धगधगतो. लॅपटॉपचा पंखा खोलीतलीच हवा आत घेणार, त्यामुळे खोली तापली की त्याला जास्त फिरावंच लागतं. जड काम पहाटेकडे ढकल. आणि लॅपटॉप गादीवर ठेवू नकोस, खालच्या जाळ्या बुजतात. टेबलावर ठेव, मागच्या दोन कोपऱ्यांखाली दोन पुस्तकं सरकव. जाळी मात्र मोकळी राहू दे.

एवढं करूनही घरघर थांबली नाही, तर आत धूळ साचली असणार. उल्हासनगरच्या कॅम्प 5 मधून, जीन्स शिवणाऱ्यांच्या वस्तीतून, माझ्याकडे दुरुस्तीला लॅपटॉप येतात. झाकण काढलं की पंखा आणि तांब्याच्या नळीवरच्या पातळ पात्या यांच्यामध्ये निळसर तंतूंचा जाड थर बसलेला दिसतो. पंखा जीव तोडून फिरतो आणि हवा बाहेर पडतच नाही. चिमट्याने धरलं की तो थर अख्खा निघून येतो. बाहेरून ब्रश फिरवून तो कधीच निघत नाही, म्हणून लोक वर्षानुवर्षं तसेच वापरत राहतात. तुझा लॅपटॉप घेतल्यापासून उघडलेलाच नाही. आतली थर्मल पेस्टही सुकली असेल, ती बदलू.

घरी व्हॅक्युम क्लीनर लावू नकोस; स्थिर विजेने बोर्ड जाऊ शकतो. रविवारी सकाळच्या लोकलने ये. वॉरंटीचा कागद आठवणीने आण. मुदत बाकी असेल तर मी स्क्रूला हात लावणार नाही, सर्व्हिस सेंटरलाच पाठवू.

तुझा
मामा