याईराच्या घरातले जेवण: लहान लेकरांचे आजार आणि आहार

(भगिनी मंडळ, तरुण संघ व कुटुंब उपासनेसाठी अभ्यासपाठ)

वाचन: मार्क ५:२१-२४ व ३५-४३, १ शमुवेल १:२१-२४



याईराच्या मुलीची गोष्ट आपल्याला शब्बाथ शाळेपासून पाठ आहे. बाप सभास्थानाचा अधिकारी, मुलगी बारा वर्षांची आणि मरणाला टेकलेली. वाटेत उशीर होतो, घरून वाईट निरोप येतो, रडणारे जमतात. प्रभू येशू मुलीचा हात धरतो आणि ती उठून चालू लागते. आपले उपदेश बहुधा इथेच संपतात. मार्क मात्र पुढे आणखी एक गोष्ट लिहितो. प्रभूने घरच्यांना सांगितले की हिला काहीतरी खायला द्या.

ज्याने तिला मरणातून उठवले, त्याला तिची भूक भागवणे अवघड नव्हते. तरीही ते काम त्याने घरच्यांच्या हाती ठेवले. नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यातल्या अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांच्या पाड्यांवर फिरताना मला हा शेवटचा भाग पुष्कळदा आठवतो. कारण लेकरू आजारी पडले की अनेक घरांत सर्वांत आधी त्याचे खाणे बंद होते. या पाठाचा मुद्दा एवढाच आहे: आजारी लेकरासाठी प्रार्थना करणाऱ्या घराने त्याला भरवलेही पाहिजे, आणि वेळ आली तर दवाखान्यातही नेले पाहिजे.

१. पहिला तास आणि पहिले सहा महिने

बाळ जन्मल्यावर तासाभराच्या आत छातीला लावावे. पहिले दोन-तीन दिवस येणारे घट्ट पिवळसर दूध म्हणजे चीक. काही घरांत तो खराब समजून पिळून टाकतात आणि बाळाला गुळाचे पाणी, मध किंवा शेळीचे दूध चाटवतात. खरे तर चिकात रोगाशी लढणारी द्रव्ये भरपूर असतात. ती बाळाची पहिली लसच म्हणा. मध तर एक वर्षापर्यंत देऊच नये, त्यातून लहान बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते.

सहा महिने फक्त आईचे दूध. पाणी नाही, घुटी नाही, ग्राइप वॉटर नाही. उन्हाळ्यातही वेगळे पाणी लागत नाही, कारण दुधात पाणी असतेच. डॉक्टरांनी दिलेले औषध किंवा थेंब तेवढे चालतात.

आयांची नेहमीची तक्रार असते, “ताई, दूध पुरत नाही.” मी त्यांना दोन गोष्टी विचारते. बाळ दिवसरात्र मिळून सहा किंवा जास्त वेळा लघवी करते का? अंगणवाडीत वजन वाढते आहे का? दोन्हीचे उत्तर हो असेल तर दूध पुरते आहे. बाळ वारंवार रडते ते भुकेनेच असे नाही. पाजल्यावर थोडे दूध ओघळले, किंवा फक्त अंगावर पिणाऱ्या बाळाला दिवसातून बऱ्याचदा शी झाली, तरी ते हसतेखेळते असेल आणि वजन वाढत असेल तर घाबरू नये.

अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला ऊब लागते. आईच्या उघड्या छातीवर, कातडीला कातडी लावून, डोक्याला टोपी घालून ठेवणे हा सर्वांत स्वस्त आणि उत्तम उपाय आहे. हे काम वडीलही करू शकतात. नाळेवर राख, हळद, शेण काहीही लावू नये. ती कोरडी ठेवावी.

आशा ताई बाळंतपणानंतर ४२ दिवसांपर्यंत ठरलेल्या दिवशी घरी येते, यामागे महाराष्ट्राचेच काम आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत गावातल्याच स्त्रियांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेता येते हे दाखवले. त्यांचा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढे देशाने ती पद्धत स्वीकारली. म्हणून आशा ताई दारात आली तर तिला “सगळे ठीक आहे” म्हणून परत पाठवू नका. बाळ उघडून दाखवा.

हन्नेची गोष्ट इथे वाचावी. शमुवेलाचे दूध तुटेपर्यंत ती वार्षिक यज्ञालाही गेली नाही आणि तिच्या नवऱ्याने, एलकानाने, ते मान्य केले. आमच्याकडे बाळंतीण पंधरा दिवसांत डोक्यावर मोळी घेते. पाजणाऱ्या आईला बसायला वेळ आणि पोटभर जेवण मिळणे हे एकट्या आईच्या हातात नसते. ते एलकानांच्या हातात असते.

२. सहा महिन्यांनंतर: पातळ नको, घट्ट हवे

सहा महिने पूर्ण झाले की दूध चालू ठेवून वरचे अन्न सुरू करावे. इथे दोन चुका होतात. एक म्हणजे वर्ष-वर्ष काहीच न देणे. दुसरी म्हणजे डाळीचे वरचे पाणी किंवा पातळ पेज पाजणे. बाळाचे पोट वाटीएवढे असते. ते पाण्यानेच भरले तर ताकद कुठून येणार? चमचा वाकडा केल्यावर पटकन ओघळणार नाही इतके अन्न घट्ट असावे.

बाहेरून काही आणावे लागत नाही. ज्वारी किंवा मक्याची भाकरी डाळीत कुस्करून, त्यात चमचाभर तेल. मऊ भात आणि उडदाची किंवा तुरीची डाळ. शेवग्याचा पाला, भाजलेल्या शेंगदाण्याचे बारीक कूट, उकडलेले अंडे कुस्करून, केळे, पपई. सुरुवात दोन-तीन चमच्यांनी, दिवसातून दोन-तीन वेळा. नवव्या महिन्यापासून अर्धी वाटी, तीन-चार वेळा. वर्षाच्या लेकराला घरातलेच जेवण, पण वेगळ्या ताटलीत, म्हणजे ते किती जेवले हे कळते. आईचे दूध दोन वर्षे आणि पुढेही चालू द्यावे.

चहा-बिस्किट हे जेवण नव्हे. चहामुळे अन्नातले लोह अंगी लागत नाही. पाच रुपयांच्या कुरकुऱ्यांच्या पुड्याने भूक मरते आणि हाती काही लागत नाही. आई शेतावर असते तेव्हा लेकरू आठ-दहा वर्षांच्या बहिणीकडे असते आणि रडणे थांबवायला तो पुडाच तिला सापडतो. म्हणून भरवण्याचा धडा आईबरोबर त्या बहिणीलाही द्यावा.

३. जुलाब: खाणे बंद करू नका

मागच्या पावसाळ्यात एका पाड्यावरच्या घरात मला प्रार्थनेसाठी बोलावले. दहा महिन्यांच्या मुलाला चार दिवस जुलाब होते. “दुधाने जुलाब वाढतात” म्हणून आजीने पाजणे थांबवले होते. शेजारच्यांचे मत, दात येत आहेत. कोणी भगताकडे नेऊन पोटाला चटके द्यायला सांगत होते. लेकराचे डोळे खोल गेले होते, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश खाली बसत होती. आम्ही प्रार्थना केली. मग मी आईला म्हटले, “बाई, आता याला पाज.” तो ओढून ओढून प्यायला. थोड्या थोड्या वेळाने चमच्याने ओआरएस देत, झोळीतून रस्त्यापर्यंत आणि तिथून जीपने आम्ही ग्रामीण रुग्णालय गाठले. तो मुलगा आज चालतो. त्याच पावसाळ्यात दुसऱ्या एका घरून निरोप आला तो सातव्या दिवशी. ते लेकरू वाटेतच गेले.

जुलाबात लेकरू दगावते ते बहुतेक वेळा अंगातले पाणी आणि क्षार संपल्यामुळे. म्हणून हे लक्षात ठेवावे:

• आईचे दूध चालूच ठेवावे, एरवीपेक्षा जास्त वेळा.
• ओआरएसचे एक मोठे पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात पूर्ण विरघळवावे. अर्धे पाकीट, अर्धा लिटर असा हिशेब करू नये. केलेले पाणी २४ तासांत संपवावे, उरले तर फेकावे.
• दोन वर्षांखालच्या बाळाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, चमच्याचमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा.
• पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त पडू देऊ नये.
• झिंकच्या गोळ्या आशा ताईकडे मिळतात. जुलाब थांबले तरी त्या १४ दिवस पूर्ण द्याव्यात.
• सहा महिन्यांवरच्या लेकराला जेवण चालू ठेवावे. बरे झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त. याईराच्या घरचा नियम तो हाच.

दात येण्याने जुलाब होत नाहीत. त्या वयात लेकरू जमिनीवरचे सगळे तोंडात घालते, म्हणून होतात. चटक्यांनी पोट बरे होत नाही, भाजलेली जखम तेवढी पिकते. पिण्याच्या पाण्यात हात न बुडवता लांब दांड्याचे ओगराळे वापरणे आणि भरवण्यापूर्वी साबणाने हात धुणे, यांनी बरेच आजार दारातच थांबतात.

४. कधी थांबायचे नाही

पुढीलपैकी एकही खूण दिसली तर रात्र असो, सण असो वा सभा असो, १०८ ला फोन करावा किंवा मिळेल त्या वाहनाने निघावे: लेकरू पीत नाही किंवा प्यायलेले सगळे उलटते, झटके येतात, सुस्त पडते, उठवल्याने उठत नाही, शौचात रक्त, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतो, दोन महिन्यांखालच्या बाळाला ताप आहे किंवा अंग थंड पडले आहे, दोन्ही पायांना सूज आहे.

न्यूमोनिया ओळखायला घड्याळ पुरते. लेकरू शांत असताना एक मिनिट पोटाची हालचाल मोजावी. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षे ४० किंवा जास्त श्वास असतील तर दवाखाना गाठावा.

काही विश्वासी घरांत मला विचारतात, “ताई, दवाखान्यात नेले तर विश्वास कमी पडला असे होत नाही का?” मी त्यांना पुन्हा याईराच्या घरी नेते. प्रभूने चमत्कार केला आणि भाकरीही सांगितली. सलाइन लावणारी परिचारिका आणि गुडघे टेकणारी आजी एकमेकींच्या विरुद्ध नाहीत. प्रार्थना वाटेतही करता येते. जीप थांबवून करण्याची गरज नाही.

५. दंडाची पट्टी आणि स्थलांतर

सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकराच्या दंडाचा घेर अंगणवाडीत पट्टीने मोजतात. साडेबारा सेंटिमीटर किंवा जास्त म्हणजे हिरवा. साडेअकरा ते साडेबाराच्या आत पिवळा. साडेअकराहून कमी म्हणजे लाल, तीव्र कुपोषण. अशा लेकराला भूक लागत नसेल, सूज असेल किंवा दुसरा आजार असेल तर पोषण पुनर्वसन केंद्रात ठेवावे लागते. आई तिथे राहायला कचरते, कारण घरी बाकीची लेकरे असतात आणि मजुरी बुडते. बुडीत मजुरी देण्याची सरकारी तरतूद आहे, हे तिला सांगावे आणि घरच्या लेकरांकडे मंडळीने बघावे.

आदिवासी भागात अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना दिवसातून एक ताजे जेवण, आणि सात महिने ते सहा वर्षांच्या मुलांना अंडी किंवा केळी मिळतात. पण दिवाळीनंतर कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि लेकरू यादीतून निसटते. जाताना माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर न्यावे, तिथल्या अंगणवाडीत नाव घालावे. ज्या मंडळींतून कुटुंबे जातात त्यांनी निघण्यापूर्वी प्रत्येक कार्ड पाहून राहिलेल्या लसी पूर्ण करून घ्याव्यात. नवव्या महिन्याची गोवर-रुबेला लस याच धामधुमीत हुकते.

६. आपल्या देणग्यांविषयी

नाताळ जवळ आला की शहरातल्या मंडळ्या प्रेमाने दुधाच्या पावडरीचे डबे आणि दुधाच्या बाटल्या पाठवू इच्छितात. भावना मोलाची आहे, पण कृपया हे पाठवू नका. १९९२ च्या कायद्याने अनाथालयाखेरीज कोणालाही ते दान करण्यास किंवा वाटण्यास मनाई आहे, आणि त्याला कारण आहे. डबा संपतो तोपर्यंत आईचे दूध आटलेले असते. पुढचा डबा घ्यायला पैसे नसतात, मग पावडर पातळ करतात. बाटली उकळायला सरपण नसते. त्या बाटलीतूनच जुलाब येतात. आई नसलेल्या बाळाला डॉक्टर सांगतील ते दूध वाटी-चमच्याने द्यावे.

त्याऐवजी साबण, झाकणाची भांडी आणि ओगराळी, उबदार टोप्या व गोधड्या, रुग्णालयात लेकराजवळ बसणाऱ्या आईचे जेवण, आणि रात्रीच्या जीपचे भाडे द्या. एका जीपच्या भाड्याने काय होते हे आम्ही पाहिले आहे.

चर्चेसाठी प्रश्न

१. प्रभूने याईराच्या मुलीला खायला देण्याचे काम घरच्यांकडे का सोपवले असावे?
२. आपल्या घरात आजारी लेकराचे कोणते अन्न बंद करण्याची चाल आहे? ती कोठून आली?
३. पाजणाऱ्या आईचे कोणते काम पुरुष मंडळी आपल्याकडे घेऊ शकतात?
४. रात्री दोन वाजता लेकरू न्यायचे झाले तर आपल्या मंडळीत कोणाला हाक मारायची, हे ठरले आहे का?

प्रार्थनेचे विषय

ऊसतोडीच्या फडात असलेल्या लेकरांसाठी. दऱ्याडोंगर तुडवणाऱ्या आशा आणि अंगणवाडी ताईंसाठी. ज्या आईबापांच्या कुशी या वर्षी रिकाम्या झाल्या त्यांच्यासाठी. आणि प्रार्थना झाल्यावर, शेजारी कोणाचे लेकरू आजारी असेल तर ते आज काय जेवले, हे जाऊन विचारा.