मंचप्रदर्शनाची तयारी : आवर्तनांचे नियोजन

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला,
• प्रात्यक्षिक परीक्षा आणि मंचप्रदर्शन यांतील फरक सांगता येईल.
• ठरावीक वेळेतील गायनाचा आराखडा तयार करता येईल.
• साथसंगत, पट्टी व निवेदन यांची पूर्वतयारी करता येईल.

प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मराठीच्या पदवीचा अभ्यास करताना संगीताचीही साधना करणारे आणि पुढे संगीतात पदव्युत्तर शिक्षण घेऊ इच्छिणारे अनेक जण आपल्यात असतात. त्या परीक्षेतील मंचप्रदर्शनाचा विचार आपण येथे कंठसंगीताच्या अंगाने करणार आहोत.

प्रात्यक्षिक परीक्षेत परीक्षक विचारतात आणि विद्यार्थी गाऊन उत्तर देतो. मंचप्रदर्शनात कोणी काही विचारत नाही. राग, बंदिश, लय, विस्तार हे सर्व निर्णय गाणाऱ्यानेच घ्यायचे असतात. नोकरी आणि घर सांभाळून वर्षानुवर्षे रियाज केलेल्या विद्यार्थ्याला येथे एक प्रश्न हमखास पडतो : इतक्या वर्षांचे शिक्षण अर्ध्या तासात कसे दाखवावे? ते सारे दाखवायचे नसते, हेच या घटकाचे मुख्य सूत्र आहे.

१. वेळेचे गणित

अर्ध्या तासाचे गायन आहे असे समजू. आरंभीच्या आलापाला २ मिनिटे, बड्या ख्यालाला १५, छोट्या ख्यालाला ७ आणि अखेरच्या नाट्यपदाला किंवा भजनाला ६ मिनिटे अशी विभागणी करता येईल.

बडा ख्याल विलंबित एकतालात आहे. एकतालाच्या मात्रा १२. एका मात्रेला ४ सेकंद लागत असतील, तर एक आवर्तन ४८ सेकंदांचे होते. १५ मिनिटांत अशी १८ पूर्ण आवर्तने बसतात. आपल्या हाती एवढेच भांडवल आहे.

राग यमन घेतल्यास ही १८ आवर्तने पुढीलप्रमाणे वाटता येतील : स्थायीची मांडणी २, मंद्र सप्तक ३, वादी गंधार ३, तीव्र मध्यम व पंचम २, निषाद व तार षड्ज ३, अंतरा २, बोलअंग व ताना ३. ही विभागणी सर्वांनी जशीच्या तशी स्वीकारावी असे नाही. मात्र अशी विभागणी केलेलीच नसेल, तर पाचव्या आवर्तनातच तार षड्ज लागतो, ताना लवकर सुरू होतात आणि उरलेल्या वेळात त्याच त्या जागा पुन्हा पुन्हा येतात. ही उणीव स्वरज्ञानाची नसते, नियोजनाची असते.

थोड्या वेळात गाणे अपुरेच राहते, असा समज करून घेऊ नये. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात पाठवलेल्या ध्वनिमुद्रिकेत केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. ती सुमारे साडेतीन मिनिटांची आहे आणि तरीही पूर्ण वाटते.

२. रागाची निवड

परीक्षेची वेळ विचारात घेऊन राग निवडावा. यमन रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, भीमपलासी दिवसाच्या तिसऱ्या प्रहराचा, तर तोडी सकाळचा राग आहे. वेळ आधी कळणार नसेल, तर सकाळचा एक व सायंकाळचा एक असे दोन राग तयार ठेवावेत. नवा, अप्रचलित राग गाऊन छाप पाडण्यापेक्षा दीर्घकाळ मुरलेला राग गाणे श्रेयस्कर.

३. साथसंगत आणि निवेदन

आपली पट्टी, उदाहरणार्थ काळी एक किंवा काळी चार, तबलावादकाला आधीच कळवावी, म्हणजे योग्य स्वराचा तबला आणता येतो. तानपुऱ्याची पहिली तार यमनसाठी पंचमात लावतात. मालकंसात पंचम वर्ज्य असल्याने ती मध्यमात लावतात. अपेक्षित लय तोंडी सांगण्यापेक्षा मुखडा गाऊन दाखवावी. साथीदारांसह निदान दोनदा संपूर्ण कार्यक्रम घड्याळ लावून, न थांबता गावा.

निवेदन दोन वाक्यांचे पुरे : राग, ताल आणि ठाऊक असल्यास रचनाकार. शब्दांवर प्रभुत्व असलेल्या विद्यार्थ्याने येथे विशेष संयम पाळावा.

४. चूक झाल्यास

सम चुकली तर थांबू नये, चेहऱ्यावरही आणू नये. तबल्याचा ठेका ऐकून पुढच्या आवर्तनात मुखडा पकडावा. याचाही सराव करता येतो. घरच्या रियाजात मुद्दाम आवर्तनाच्या मधूनच एखादा आलाप सुरू करावा आणि समेवर परत यावे.

सारांश

मंचप्रदर्शन ही केवळ गळ्याची परीक्षा नसून निवडीचीही परीक्षा आहे. आपण जे गाळतो, त्यामुळेच गायलेल्या स्वरांना अवकाश मिळतो. मर्यादित वेळेत अभ्यास करण्याची सवय असलेल्या आपल्यासारख्या प्रौढ विद्यार्थ्यांना हे कौशल्य मुळीच अपरिचित नाही.

स्वाध्याय

१. आपल्या आवडत्या रागातील बड्या ख्यालाचे एक आवर्तन किती सेकंदांचे होते ते मोजा आणि १५ मिनिटांतील आवर्तनांची विभागणी लिहून काढा.
२. त्या आराखड्यानुसार गाऊन ध्वनिमुद्रण करा. दुसऱ्या दिवशी ते ऐका आणि कोणती दोन आवर्तने गाळता येतील ते सकारण लिहा.